नवतप्यातला समुद्र

नवतपा, म्हणजे भर उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस, लागला की सकाळी उठल्याबरोबर मी थर्मामीटर बघतो. भिंतीवरचा नव्हे, टाकीतला. बाहेर पारा ४७ अंशांकडे निघालेला असतो आणि घरात ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत अडीचशे लिटर खारं पाणी २६ अंशांवर धरून ठेवायचं असतं. भद्रावतीत समुद्र सांभाळायचा तर आखणी वर्षातल्या सगळ्यात वाईट दिवसापासून सुरू करावी लागते.

हे मी उशिरा शिकलो. मालवणच्या सागरी अभयारण्यात पाण्यात तोंड घालून पहिल्यांदा जिवंत प्रवाळ पाहिला आणि घरी येऊन घाईनं टाकी मांडली. आवडले ते मासे आणले, मिळाले ते दिवे लावले. मे महिन्यातल्या एका दुपारी वीज गेली ती संध्याकाळीच आली. पाणी ३३ अंशांवर गेलं होतं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि त्याच वेळी माशाला तो जास्त लागतो. रात्रीपर्यंत दोन मासे गेले.

पुढची टाकी मी उलट क्रमानं आखली. आधी उष्णता, मग प्रकाश, मग प्रवाळ, मासे सगळ्यात शेवटी.

पाण्यावर लहान पंखे लावले की बाष्पीभवनानं दोन-तीन अंश उतरतात. पण त्याच खोलीत कूलर चालू असला तर हवा दमट होते आणि पंख्यांचा उपयोग घटतो. म्हणून टाकी कूलरच्या खोलीतून हलवली, चिलर लावला, हवेच्या पंपाला बॅटरी जोडली. उडालेल्या पाण्याची भर गोड्या, आरओच्या पाण्यानं घालायची. पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. लिटरला ३५ ग्रॅमचं प्रमाण ढळता कामा नये.

प्रकाशाचा धडा मला भद्रावतीतल्याच विजासनच्या लेण्यात मिळाला. डोंगरात खोदलेल्या त्या लांब दालनात पाऊल टाकलं की दर दहा पावलांवर उजेड कमी होत जातो, आणि अगदी टोकाला बुद्ध बसलेला. समुद्रातही उजेड असाच ओसरतो. तांबडा आधी विझतो, निळा खोलवर पोचतो. प्रवाळाच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल त्या उजेडावर अन्न तयार करतं आणि प्रवाळ मुख्यतः त्यावरच जगतो. म्हणून माझ्या दिव्यात निळा जास्त. दगडाच्या माथ्यावर झोअँथिड, खाली सावलीत मश्रूम, दोन्ही प्रवाळांचे मऊ भाऊबंद. नवा जीव आणला की दिवे मंद करायचे आणि काही आठवड्यांत हळूहळू वाढवायचे. उजेड एकदम वाढला किंवा पाणी तापलं, की शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढरा पडतो. तापलेल्या समुद्रात हेच घडतं.

टाकीत टणक प्रवाळ नाही. प्रवाळभित्ती बांधणारे सगळे टणक प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडेही २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. वाघाला मिळतं तेच संरक्षण. ताडोबाच्या शेजारी राहणाऱ्याला याचं वजन वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मासे आणण्याआधी दीड महिना टाकीत नुसते दगड आणि पाणी होतं. अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू तेवढ्या वेळात वसतात. मग आधी बुजरा फायरफिश, त्यानंतर शेवाळ खरवडणारी ब्लेनी, मग क्लाऊनफिशची जोडी, आणि शेवटी पिवळ्या शेपटीचा डॅमसेल. तो आधी आला असता तर सगळी टाकी स्वतःची समजला असता. निळा टँग मला फार आवडतो, पण तो फूटभर वाढतो आणि दिवसभर पोहतो. चार फुटांत त्याला ठेवणं म्हणजे कोंडणं.

शेजारचा मुलगा दर वेळी विचारतो, ‘‘काका, एवढी मोठी टाकी अन् पाचच मासे? बाकीचं पाणी रिकामं कायले ठेवलं?’’

मागच्या नवतप्यात भर दुपारी वीज गेली तेव्हा तो इथंच होता. दिवे विझले, पंखे थांबले, बॅटरीवरचा पंप बुडबुडे सोडू लागला. आम्ही दोघं थर्मामीटर बघत बसलो. वीज आली तेव्हा पाणी २९ वर होतं आणि पाचही मासे पोहत होते. मग मी त्याला सांगितलं, ‘‘ते पाणी रिकामं नाही रे, ती उन्हाळ्याची बेगमी आहे.’’