'छान जगा' म्हणणाऱ्यांविषयी

तज्ज्ञांच्या व्याख्यानांचा मला तिटकारा होता. 'पार्किन्सन्ससह आनंदी जीवन' असा फलक दिसला की वाटायचं, सांगणारा व्यासपीठावर धडधाकट उभा आहे, त्याचं काय जातंय सांगायला! मला हा आजार निघाला तो चाळिशी उलटता उलटता. वसईहून मुंबईला न्यूरोकडे गेले तर बाहेरच्या बाकावर सगळे सासऱ्यांच्या वयाचे. शेजारच्या आजींनी मलाच विचारलं, "पेशंट कुठे आहेत तुमचे?" अशा मंडळींच्या मेळाव्यात जाऊन मी काय ऐकणार? त्यांना नातवंडं, मला दहावीतला मुलगा, फ्लॅटचे हप्ते आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतली नोकरी.

मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी कमी होत जातात, पन्नाशीच्या आत सुरुवात झाली तर त्याला 'यंग ऑनसेट' म्हणतात, एवढं मोबाइलवर वाचून झालं होतं. त्यापुढे व्याख्याता सांगणार काय, तर सकारात्मक राहा. हे ऐकलं की माझा उजवा हात जास्तच थरथरतो.

11 एप्रिल हा जागतिक पार्किन्सन्स दिन. 1817 साली या आजारावर पहिला सविस्तर निबंध लिहिणाऱ्या लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांचा तो जन्मदिवस. त्या सुमाराला मुंबईत एक कार्यक्रम होता आणि धाकट्या बहिणीने मला अक्षरशः ओढत नेलं. दाराजवळची खुर्ची धरून बसले, म्हणजे मधेच सटकता येईल. बोलायला फिजिओथेरपिस्ट बाई होत्या. प्रस्तावना नाही, सुविचार नाही. पहिलाच प्रश्न, "सकाळी पलंगावरून उतरताना कोणाच्या पायाची बोटं आत वळतात?"

माझा हात वर गेला. त्या पायासाठी मी हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले होते, चपला बदलल्या होत्या, तेल चोळलं होतं. न्यूरोला मात्र कधी सांगितलं नव्हतं, कारण थरथरणाऱ्या हाताचा आणि वाकड्या होणाऱ्या पायाचा संबंध असेल असं डोक्यातच आलं नाही. बाईंनी सांगितलं, याला डिस्टोनिया म्हणतात. तरुण वयातल्या पेशंटमध्ये तो बऱ्याचदा दिसतो, आणि रात्रीच्या गोळीचा असर पहाटे उतरलेला असतो म्हणून सकाळी छळतो. डॉक्टरांशी बोलून गोळ्यांच्या वेळा बदलता येतात.

त्या दिवशी मी सटकले नाही. पुढच्या कार्यक्रमांना तर बहिणीला न सांगताच जाऊ लागले.

आहारतज्ज्ञ बाईंचं व्याख्यान माझ्या डब्यावरच होतं म्हणा ना. लेव्होडोपा, म्हणजे आमची नेहमीची गोळी, आणि जेवणातली प्रथिनं आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत शिरताना एकाच वाटेने जातात, त्यामुळे गर्दीत गोळी मागे पडते. मी मधल्या सुट्टीत वरण-भात, अंडं आणि गोळी एकदमच घ्यायचे आणि पाचव्या तासाला खडू जड व्हायचा. वर्गाला वाटायचं, बाईंना झोप येते. आता जेवणाआधी अर्धा तास गोळी. रिकाम्या पोटी मळमळलं तर आगाशीची सुकेळी अर्धी खाते. केळ्यात प्रथिनं नावालाच.

चालता चालता पाय जमिनीला चिकटतात, त्यावर बाहेरचा ठेका कामी येतो हेही असंच कळलं. पुण्यात हृषीकेश पवार पार्किन्सन्सच्या पेशंटना नाच शिकवतात हे ऐकून पूर्वी मी नाक मुरडलं होतं. आता वसई रोडच्या पुलावर पाय अडला की मनातल्या मनात लेझीम सुरू करते. वर्षानुवर्षं पोरांना शिकवलेली, ती अशी कामी येते.

सगळ्यात मोठी गोष्ट सांगितली ती एका वकिलांनी. दिव्यांग हक्क कायदा, 2016 मध्ये जे 21 प्रकार आहेत त्यांत पार्किन्सन्सचं नाव आहे. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर कलम 20 प्रमाणे सरकारी आस्थापनेला त्या माणसाला काढता येत नाही, खालच्या पदावर ढकलता येत नाही. ते काम झेपत नसेल तर त्याच पगारावर दुसरं द्यायचं. फळ्यावर सुविचार लिहिताना माझं अक्षर ओळीच्या शेवटी मुंगीएवढं होत होतं आणि मी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून ठेवला होता. तो फाडला आणि मुख्याध्यापकांना सगळं सांगितलं. पहिला तास आता दुसऱ्या बाई घेतात.

काही उत्तरं तर व्यासपीठाखालून आली. पाळीच्या आधीच्या दिवसांत गोळी लागत नाही, असं एका बाईने धीर करून विचारलं आणि मागून आणखी दोघी बोलल्या. एकीच्या नवऱ्याला ऑनलाइन रमीचं वेड लागलं होतं. डोपामिन अ‍ॅगोनिस्ट गटातल्या गोळ्यांनी काहींना जुगाराची, खरेदीची अनावर ओढ लागते, गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा, हे ऐकताना तिचा चेहरा मी पाहिला. इतके दिवस घरात नुसती भांडणं चालली होती.

तरी सगळंच पटलं असं नाही. मायकेल जे. फॉक्सचा फोटो दाखवून 'बघा, किती उमेद!' म्हणणारे वक्ते मला अजूनही खटकतात. त्या नटाला 1991 मध्ये, 29व्या वर्षी निदान झालं आणि त्याने जगाला सांगितलं 1998 मध्ये. मधली सात वर्षं का लपवावं लागलं, यावर कोणी बोलत नाही. आमच्यासारख्यांना ऐकायचं असतं ते नेमकं त्या सात वर्षांबद्दल.

मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी, पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ, अशा संस्था चिकाटीने काम करतात. माझं मागणं व्याख्यानं ठेवणाऱ्या सगळ्यांकडेच आहे. नोकरदार पेशंटसाठी रविवार ठेवा, बुधवारची दुपार नको. नवरा-बायकोचं नातं, मुलांना कसं सांगायचं, कर्ज, बढती हे विषय घ्या. आणि एखादं व्याख्यान विरार-नालासोपाऱ्याकडेही होऊ द्या. खुर्च्या मांडायला मी येईन, फक्त गोळी चढल्यावरची वेळ द्या.