कचेरीने बिऱ्हाड हलविले

मुंबईत माणसांपेक्षा कचेऱ्यांनाच बिऱ्हाड हलविण्याची हौस अधिक, असे आम्ही गिरगावकर मंडळी पाहत आलो आहोत. आमच्या आजेसासऱ्यांची कचेरी बॅलार्ड इस्टेटीत होती. अलेक्झांड्रा गोदी खणताना निघालेली माती समुद्रात लोटून पोर्ट ट्रस्टाने ती भूमी निर्माण केली, आणि जॉर्ज विटेट यांच्या नजरेखाली तेथे सारख्या उंचीच्या दगडी इमारती उठल्या. मामंजींची कचेरी नरिमन पॉइंटला. तीही समुद्र हटवूनच मिळविलेली जागा. १९७४ साली पुरा झालेला एअर इंडियाचा मनोरा त्यांच्या खिडकीतून दिसे. तथापि या स्थलांतराने आमच्या घराचे घड्याळ ढळले नाही. सकाळी साडेनऊला पहिली पंगत, आणि दिवेलागणीस सारे उंबरठ्याच्या आत.

पुतण्याची कचेरी मात्र वांद्रे-कुर्ला संकुलातील कोऱ्या इमारतीत गेली.

“नरिमन पॉइंटला काय उणे होते रे?” मी विचारले.

“काकू, आमची सगळी माणसे तिथे एका मजल्यावर मावतच नाहीत.”

त्याचे म्हणणे खोटे नाही. नरिमन पॉइंटचे मजले आटोपशीर, आणि पुष्कळ इमारतींतील गाळे निरनिराळ्या मालकांना विकलेले. एखाद्या मोठ्या कंपनीस सलग जागा द्यावयाची, तर कितीतरी मालकांचे एकमत व्हावे लागते. आणि एकत्र कुटुंबात राहणाऱ्यांस ते किती अवघड, हे सांगावयास नको. संकुलात महानगर प्रदेश विकास प्राधिकरण ८० वर्षांच्या पट्ट्याने भूखंड देते. इमारत बहुधा एकाच्याच हाती राहते, मजले ऐसपैस असतात, आणि कामाला येणारी बहुतेक मंडळी उपनगरांतच राहतात. २०१० साली ऑपेरा हाउसचे हिरेव्यापारी तिकडे गेले, ते तर आमच्या डोळ्यांदेखत. हे सारे जेथे उभे आहे त्या खाजणांच्या कडेने मिठी नदी वाहते. २६ जुलै २००५ रोजी तिने काय केले, ते मुंबई विसरलेली नाही; पण भाडे ठरविताना नदीला कोण विचारतो?

या व्यवहारातला एक शब्द मला फार आवडतो: चटईक्षेत्र. भिंती वगळून आत जेवढी जागा उरेल, तेवढे ते. भाडे मात्र जिने, उद्वाहने, दिवाणखाने यांचा वाटा धरून आकारतात. म्हणजे चटई लहान आणि हिशेब मोठा! हा शब्द योजणाऱ्याच्या घरी पंगती उठत असाव्यात, असे मला उगाचच वाटते.

कचेरी हलली तेव्हा पुतण्याने चुनाभट्टीकडे जागा घेण्याची गोष्ट काढली. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत धावू लागली, गिरगावात स्थानक झाले, आणि लांबच्या प्रवासाची सबब उरली नाही. तरी बेत मोडला नाही. तेव्हा माझ्या ध्यानी आले की, त्या इमारतीने केवळ वाट दाखविली. जावयाचे त्या दोघांच्या मनात आधीपासूनच होते. मला त्याचा राग नाही. सूनबाई नऊ वाजता थकून परतते, आणि दहा माणसांच्या नजरेसमोर एकटीने जेवते. तिला आपले दार आपण लावावेसे वाटले, तर नवल ते काय?

परवा तिने नव्या जागेचा नकाशा पसरला. स्वयंपाकघर आठ फूट बाय सात. सासूबाईंनी चष्मा लावून तो बराच वेळ न्याहाळला, आणि विचारले, “पाट किती देऊ? दोन, की चार?”