सहलीचं वेळापत्रक चंद्राच्या हाती!

बालमित्रांनो, सुट्टी लागली की घरात सहलीचे बेत सुरू होतात. कुणाला किल्ला हवा असतो, कुणाला समुद्र, आजीला देवदर्शन आणि बाबांना कमी खर्च! मग कागदावर गावांची नावं एकाखाली एक लिहिली जातात आणि झाला बेत तयार. पण गावांची यादी म्हणजे सहलीचा बेत नव्हे बरं का! कुठं जायचं हे आपण ठरवतो. पण कुठं केव्हा जायचं, हे ठरवणारे दुसरेच असतात. ते कोण, हे आज आपण एका खऱ्याखुऱ्या मार्गावर पाहू.

आमचं शिवरे गाव पुणे-सातारा रस्त्यावर, भोर तालुक्यात आहे. इथून अरबी समुद्र सरळ रेषेत मोजला तर शंभर किलोमीटरसुद्धा नाही. पण मधे सह्याद्री उभा आहे! त्यामुळे गंमत अशी होते, की इथल्या शिवारातलं पाणी जवळच्या समुद्राला मिळतच नाही. ते शिवगंगेतून गुंजवणीला, गुंजवणीतून नीरेला, पुढे भीमेला आणि कृष्णेला मिळतं आणि पार आंध्र प्रदेश गाठून बंगालच्या उपसागरात जातं. पाण्याला जो डोंगर ओलांडता येत नाही, तो आपण एसटीत बसून ओलांडतो.

समजा, दिवाळीच्या सुट्टीत भाऊबीज आटोपून सहा दिवसांची सहल काढायची आहे. पाहायचंय काय काय? शिवथरघळ, महाड, रायगड, हरिहरेश्वर, श्रीवर्धन, दिवेआगर, जंजिरा आणि अलिबागचा कुलाबा किल्ला. नकाशा पाहून कुणीही म्हणेल, "सोपं आहे! भोरवरून वरंधा घाट उतरू, महाड-रायगड करू, मग किनाऱ्याने वर अलिबागला जाऊ आणि खोपोलीवरून घरी." अगदी बरोबर. पण थांबा! आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि त्यातल्या तिथ्या पाहा.

कुलाबा किल्ला अलिबागच्या समोर समुद्रात आहे. शिवाजी महाराजांनी तो बांधायला घेतला आणि पुढे तो कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं झाला. भरतीला त्याच्याभोवती पाणीच पाणी. चांगली ओहोटी लागली, की मात्र चालत जाता येतं. म्हणजे ओहोटी केव्हा, हे घरी बसूनच कळायला हवं. त्यासाठी कोकणात एक सोपं गणित आहे. तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची साधारण वेळ! चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या सुमाराला भरती. भरतीच्या आधी आणि नंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. म्हणजे सकाळी पावणेनऊच्या आसपास पाणी सगळ्यात खाली गेलेलं असेल. रोज ही वेळ पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते, कारण चंद्रही रोज उशिरा उगवतो.

आणखी एक गोष्ट. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण येतं. तेव्हा पाणी खूप चढतं आणि तितकंच खूप ओसरतंही. अष्टमीच्या सुमाराला असतो भांग. तेव्हा पाणी धड चढत नाही, धड ओसरतही नाही.

आता आपला बेत तपासा. तृतीयेला निघून महाड, रायगड, हरिहरेश्वर असं करत गेलो, तर अलिबागला पोचेपर्यंत सप्तमी उजाडेल आणि किल्ल्याला जायची पाळी अष्टमीला येईल. ऐन भांग! वाट उघडी पडेलच याचा भरवसा नाही. मग काय करायचं? सगळा मार्ग उलटा करायचा!

तृतीयेला पहाटे निघून पुणे, लोणावळा, खोपोली, पेण करत अलिबाग. चतुर्थीला सकाळी आठच्या सुमाराला किल्ला. पाणी उतरत असताना जायचं आणि ते वळायच्या आत परतायचं, हा नियम. अलिबागमधली चुंबकीय वेधशाळाही मुद्दाम लक्षात ठेवा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेतलं हे काम 1904 साली इथं हलवलं. ट्रामच्या विजेमुळे पृथ्वीचं चुंबकत्व नीट मोजता आलं नसतं ना!

पंचमीला मुरूडजवळच्या राजपुरीहून होडीने जंजिरा. शिवाजी महाराजांनी समोर पद्मदुर्ग उभारला, तरी सिद्दीचा हा किल्ला स्वराज्यात आला नाही. मग आगरदांड्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडून दिघी आणि मुक्कामाला दिवेआगर. षष्ठीला श्रीवर्धन, म्हणजे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांच्या भट घराण्याचं गाव, पाहत हरिहरेश्वर. इथली प्रदक्षिणेची वाट खडकांवरून, अगदी समुद्राला खेटून जाते. षष्ठीचं गणित तुम्हीच करा. भरती साडेचारला, म्हणून ओहोटी सव्वादहाला. तरीही पायऱ्यांवर थांबून आधी गावातल्या माणसांना विचारायचं. लाटा वाटेवर येत असतील, तर वरूनच नमस्कार करून मागे फिरायचं. "एवढ्या लांबून आलोय, आता एकदा जाऊनच येऊ," हे वाक्य समुद्राच्या काठी कधीही बोलायचं नाही. लाट कुणाची सुट्टी पाहत नाही.

सप्तमीला रायगड. 1674 साली राज्याभिषेक झाला तो गड! 1996 पासून इथं रोपवे आहे, त्यामुळे आजी-आजोबांनाही वर जाता येतं. अष्टमीला महाडचं चवदार तळं पाहायचं. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथलं पाणी ओंजळीत घेतलं आणि पाणी सगळ्यांचं आहे, हे देशाला दाखवून दिलं. मग शिवथरघळ करून वरंधा घाटाने भोरमार्गे घरी.

हा शेवटचा टप्पा नकाशावर जेमतेम वीतभर दिसेल. पण घाटात गाडी ताशी वीस-पंचवीस किलोमीटरच जाते असं धरा आणि उजेड असेपर्यंत वर या. पावसाळ्यात इथं दरडी कोसळतात, घाट बंद ठेवावा लागतो. पाण्याचा जोर किती असतो ठाऊक आहे? 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीच्या पुराने मुंबई-गोवा रस्त्यावरचा जुना पूल वाहून गेला आणि प्रवाशांनी भरलेल्या एसटी गाड्याही बुडाल्या. म्हणून ही सहल पावसाळ्यात नाहीच. घाट इतर वेळीही बंद असू शकतो, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करा आणि पोलादपूर-महाबळेश्वर-वाई हा दुसरा रस्ता वहीत लिहून ठेवा.

खर्चाचं काय? एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास चार किंवा सात दिवसांचा मिळतो. आपल्या सहा दिवसांना सात दिवसांचा घ्या. मात्र किनाऱ्यावर गाड्या कमी असतात, म्हणून प्रत्येक स्थानकावर उतरल्याबरोबर पुढच्या गाडीची वेळ विचारायची. हे काम घरातल्या सगळ्यात लहान मुलाकडे द्या. ते कधी विसरत नाही!

चंद्र काही फक्त कोकणातच वेळापत्रक ठरवतो असं नाही. फ्रान्सच्या किनाऱ्यावर मों सें-मिशेल नावाचा डोंगरी मठ आहे. तिथंही भरतीचं पाणी चहूबाजूंनी चढतं. आता 2014 पासून तिथं पूल आहे, पण वाळूतून चालत जाणाऱ्यांना आजही आधी भरतीचं वेळापत्रक पाहावंच लागतं.

तर मुलांनो, यंदा घरात सहलीचा विषय निघाला, की वही-पेन्सिल आणि कॅलेंडर घेऊन बसा. एका रकान्यात गाव, दुसऱ्यात तिथी, तिसऱ्यात भरतीची वेळ आणि चौथ्यात "हे जमलं नाही तर काय?" चौथा रकाना रिकामा ठेवू नका हं. तो भरलेला असला, की आईबाबा निश्चिंत आणि तुमची सहल मजेची!