बरं होण्याची धास्ती

सिव्हिलमध्ये जायचं म्हणून माझा धाकटा भाऊ त्या दिवशी पहाटे पाचला उठला. दाढी केली, केसांना पाणी लावून भांग पाडला, इस्त्रीचा निळा शर्ट घातला. सरकारी कामाला जाताना नीटनेटकं जावं, ही आईची शिकवण. आईला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. त्याच्याकडे बघून मला भरून आलं. आणि लगेच मनात आलं, आजच हा इतका नीट का दिसतोय? त्या विचाराची मला अजून लाज वाटते.

आम्ही त्याच्या दिव्यांगत्वाचा दाखला काढायला निघालो होतो. विसाव्या वर्षी त्याला स्किझोफ्रेनिया झाला. दाखला काढायला निघालो तेव्हा तो ४४ वर्षांचा होता. वडील पोस्टात होते. ते गेल्यावर आईला फॅमिली पेन्शन मिळायची आणि त्यात मायलेकांचं भागायचं. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याच्या मुलाला मानसिक आजारामुळे स्वतःचं पोट भरता येत नसेल, तर आईवडिलांच्या मागे ही पेन्शन त्याला तहहयात मिळते. आईवडील हयात असतानाच त्याचं नाव पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, नोंदवता येतं, पैसे कोणाच्या हाती द्यायचे तेही लिहून ठेवता येतं. आमच्याकडे यातलं काहीच झालं नव्हतं. मी आईला दोनदा सांगून पाहिलं होतं. ती म्हणायची, “माझा मुलगा वेडा आहे असं मीच सरकारला लिहून देऊ?” तिला दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही. “तो घरूनच काम करतो,” असं शेजारपाजारी सांगत तिनं २४ वर्षं काढली. ज्या शब्दापासून मुलाला वाचवलं, तोच कागदावर लिहायचा म्हटल्यावर तिचा हात कसा चालावा?

मानसिक आजारातलं दिव्यांगत्व मोजायला आपल्याकडे ‘आयडियाज’ नावाची मोजपट्टी आहे. इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीच्या समितीनं ती तयार केली आणि २००२ मध्ये सरकारनं ती स्वीकारली. स्वतःची निगा, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम, या चार गोष्टींना प्रत्येकी शून्य ते चार गुण. आजार किती वर्षांचा, त्याचे आणखी चारपर्यंत. म्हणजे एकूण वीस. सात गुण झाले की ४० टक्के, आणि ४० टक्के ही बहुतेक सवलतींची पहिली पायरी. इथे जितकं जमत नाही तितके गुण जास्त.

“आंघोळ रोज करता?” डॉक्टरांनी विचारलं.

“हो.”

“स्वतःहून?”

“हो.”

तो खोटं बोलत नव्हता. त्या आठवड्यापुरतं ते खरंच होतं. डॉक्टर भले होते, सावकाश विचारत होते. मग ते माझ्याकडे वळले आणि मी सांगत गेले. मागच्या पावसाळ्यात तो अकरा दिवस आंघोळीला गेला नव्हता. पंख्यातून कोणी बोलतं म्हणून भर मे महिन्यात पंखा बंद करून बसायचा. घरी पाहुणे आले की मागच्या दारानं निघून जायचा. आई गेली त्या दिवशी तो स्वयंपाकघरात तिच्या पाटावर बसून राहिला आणि नंतर आठ दिवस कोणाशी एक शब्द बोलला नाही. मी सांगत होते आणि तो शेजारी बसून आपल्या बुटांच्या नाड्यांकडे बघत होता.

बाहेर टपरीवर चहा घेतला. ग्लास दोन्ही हातांत धरून तो म्हणाला, “ताई, मला खरंच एवढं काहीच जमत नाही का गं?”

मला उत्तर देता आलं नाही. आज तो स्वतःहून दुकानात गेला, आज भाचीशी दोन वाक्यं बोलला, आज पेपर वाचला, अशी एकेक गोष्ट आईनं नाणी जमवावीत तशी जमवली होती. मी ती सगळी अर्ध्या तासात त्याच्यादेखत खर्चून टाकली होती. त्याच्याच भाकरीसाठी.

दाखला मिळाला, पाच वर्षांच्या मुदतीचा. काही महिन्यांनी पेन्शनही सुरू झाली. आणि मग आमच्याकडे पुन्हा एक बदल झाला. या वेळी चांगला. औषध बदललं, ते लागू पडलं. आमच्या गल्लीतल्या बाइंडिंगवाल्या काकांनी त्याला हाताशी घेतलं. रोज तीन तास वह्यांना खळ लावायची, पुठ्ठे दाबात ठेवायचे. महिन्याचे ३,५०० रुपये. पहिला पगार त्यानं आईच्या फोटोपुढे ठेवला.

त्याच संध्याकाळी एका नातेवाइकाचा फोन आला. “कशाला पाठवतेस कामावर? कोणी लिहून कळवलं तर पेन्शन जाईल. बसू दे गप घरी.” मी रात्रभर जागी होते. हा बरा व्हावा म्हणून आम्ही किती नवस बोललो होतो. आणि तो बरा होऊ लागला तर मला धास्ती बसली होती.

सकाळी मी नियम शोधून वाचला. पूर्वी दिव्यांग मुलाचं इतर उत्पन्न दरमहा ९,००० रुपये आणि त्यावरची महागाई सवलत एवढ्याच्या आत असावं लागे. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्रानं ते सैल केलं. आता इतर उत्पन्न त्याला देय असलेल्या फॅमिली पेन्शनपेक्षा, म्हणजे वडिलांच्या शेवटच्या पगाराच्या ३० टक्के आणि त्यावरची महागाई सवलत यांपेक्षा, कमी असलं की पुरे. बाइंडिंगच्या ३,५०० रुपयांनी काही बिघडत नव्हतं. मी पेन्शन कार्यालयाला तसं पत्रानं कळवलं आणि पोच घेतली.

पण सगळ्यांचे वडील पोस्टात नसतात. आमच्या स्वमदत गटात रुग्णाला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतात. तिथल्या एका शुभंकर आईचा आधार म्हणजे संजय गांधी निराधार योजना. त्यात दिव्यांगासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे. ती चार घरची धुणीभांडी करते. मुलानं महिन्याला दोन हजार जरी मिळवले, तरी मर्यादा ओलांडली जाणार. मुलाला आलेलं काम तिनं नाकारलं. सांगताना पदरानं तोंड झाकून रडली.

हा आजार एका जागी थांबत नाही. चार महिने माणूस बरा असतो, पाचव्या महिन्यात अंथरुणातून उठत नाही. चष्म्यानं दिसतं म्हणून नंबर गेला असं कोणी म्हणत नाही. मग गोळीनं आणि आधारानं उभं राहिलेल्या माणसाला “आता हा बरा झाला” म्हणून आधार काढून का घ्यायचा? मिळणारे पैसे त्याच्या आजाराचं बक्षीस नव्हेत, त्या पैशांवर पाय रोवून त्यानं काही करून बघावं म्हणून ते असतात. पडलो तरी खाली जमीन आहे, एवढी खात्री असली की माणूस पाऊल टाकतो.

घरात असा मुलगा किंवा मुलगी असलेल्या आईवडिलांना माझं कळकळीचं सांगणं आहे. तुम्ही आहात तोवर दाखला काढा, पीपीओवर नाव नोंदवा. मुलाला काम मिळालं तर त्याला अडवू नका, आधी नियम वाचा आणि बदल लेखी कळवा. आणि दाखला देणाऱ्यांना विनंती, समोर आलेला चांगला दिवस बघताना मागच्या वाईट महिन्यांचीही चौकशी करा.

आमच्या दाखल्याची मुदत दोन वर्षांनी संपेल. पुन्हा सिव्हिलमध्ये जावं लागेल. भाऊ दाढी करेल, निळा शर्ट घालेल. या वेळी मी डॉक्टरांना आधी त्याला काय जमतं ते सांगणार आहे आणि मग काय जमत नाही ते. दोन्ही खरं आहे.