गोधडीतून चंद्रावर

बालमित्रांनो, प्रवासाला जायचं म्हटलं की काय काय लागतं? बॅग, तिकीट, पाण्याची बाटली आणि एस.टी.त खिडकीजवळची जागा! आज मी तुम्हांला ज्या प्रवासाला नेणार आहे, त्याला यातलं काहीच लागत नाही. लागते फक्त एक गोधडी. आणि हो, बाहेर चांगली कडाक्याची थंडी पडलेली हवी.

आपण निघणार आहोत नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातून. इथल्याच एका छोट्या गावात मी शिकवते. डिसेंबर-जानेवारीत वर्तमानपत्र उघडलंत, तर राज्यातल्या सर्वांत थंड ठिकाणांत निफाडचं नाव हटकून सापडेल. काही वर्षी तर पारा ५ अंश सेल्सिअसच्याही खाली उतरतो. गारठ्यानं द्राक्षाच्या मण्यांना तडे जातात, म्हणून शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्यावर दूरदेशीचे पक्षी मजेत पोहत असतात, पण आम्ही माणसं मात्र दिवेलागण झाली की घरात! गल्ली कशी सामसूम होते.

मग करायचं काय? आधी अभ्यास. (तो चुकत नाही बरं का!) आणि तो झाला की अवकाशाची सफर. वर्तमानपत्रातल्या बातम्या, वाचनालयातली पुस्तकं आणि एखादा चित्रपट ही आपली तीन वाहनं. गंमत अशी, की या सफरीतला एकेक मुक्काम थंडीची एकेक नवी गोष्ट सांगतो.

पहिला मुक्काम : शिवशक्ती

२३ ऑगस्ट २०२३ची संध्याकाळ तुमच्या घरी अजून कुणी विसरलं नसेल. ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३चं 'विक्रम' चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या भागात अलगद उतरलं. चार वर्षांपूर्वी, २०१९ साली, चांद्रयान-२चं विक्रम उतरता उतरता कोसळलं होतं. त्यामुळे या वेळी सगळा देश श्वास रोखून बसला होता. विक्रमच्या पोटातून २६ किलो वजनाची, सहा चाकांची 'प्रज्ञान' गाडी बाहेर आली आणि चंद्राच्या मातीत शंभरेक मीटर हिंडली. विक्रम उतरलं त्या जागेला 'शिवशक्ती' असं नाव मिळालं.

या दिवसांतल्या बातम्यांची कात्रणं आम्ही वर्गात जपून ठेवली होती. त्या हिवाळ्यात ती पुन्हा बाहेर काढली. त्यात एक आलेख होता. विक्रमनं तापमान मोजणारी एक सळई चंद्राच्या मातीत खुपसली होती. वरच्या थरात तापमान निघालं सुमारे ५० अंश, आणि फक्त ८ सेंटीमीटर खाली गेलं की शून्याखाली १० अंश! आठ सेंटीमीटर म्हणजे किती, सांगा पाहू? तुमच्या अर्ध्या पेन्सिलीएवढं! एवढ्याशा अंतरात साठ अंशांचा फरक. कारण चंद्राची भुसभुशीत माती उष्णता खाली जाऊच देत नाही.

हे समजावताना मी अडखळू नये म्हणून पुस्तकातला उतारा शोधत होते. तेवढ्यात मागच्या ओळीतून आवाज आला, "बाई, म्हंजे पाचटच की!"

हिवाळ्यात आमच्या वर्गात दोन-चार नवी मुलं येतात. ऊसतोडणीला आलेल्या आई-वडिलांबरोबर ती शेताच्या कडेला कोपीत राहतात. त्यांतलाच हा एक. त्यानं उभं राहून सांगितलं, "कोपीत भुईवर पाचट टाकतोत, त्याच्यावर हातरूण. मंग भुईचा गारठा वर येत न्हाई. चंद्राला मातीचं पाचट हाये." माझ्या उताऱ्याची गरजच उरली नाही!

पण पुढचं कात्रण वाचलं आणि त्याचा चेहरा पडला. चंद्रावरचा दिवस आपल्या चौदा दिवसांएवढा आणि रात्रही तेवढीच. रात्री तिथला पारा शून्याखाली दीडशे अंशांच्याही खाली जातो. सप्टेंबरच्या सुरुवातीला, सूर्य मावळण्याआधी, शास्त्रज्ञांनी प्रज्ञानला आणि विक्रमला झोपवलं. २२ सप्टेंबरला तिथे पुन्हा सूर्य उगवला. हाका मारल्या, पण ओ आली नाही.

"बाई, त्याच्या अंगावर कुणीच काही टाकलं न्हाई का?"

वर्ग एकदम गप्प झाला. थंडी म्हणजे काय हे आमच्यात सर्वांत जास्त ठाऊक असलेला मुलगा विचारत होता. उत्तर नीट द्यायला हवं होतं.

तीन पेल्यांचं उत्तर

आम्ही स्टीलचे तीन सारखे पेले घेतले. दोनांत कोमट पाणी, तिसऱ्यात माठातलं गार पाणी. कोमट पाण्याचा एक पेला उघड्या बाकावर ठेवला, दुसरा जुन्या शालीत गुंडाळला. गार पाण्याचा पेलाही तशाच शालीत गुंडाळला. सगळ्यांवर झाकण. अर्ध्या तासानं हात लावून पाहिलं. उघडा पेला गार झाला होता, शालीतला अजून कोमट होता. आणि शालीतलं गार पाणी? ते गारच राहिलं होतं. शालीनं त्याला काही ऊब दिली नव्हती!

म्हणजे गोधडी ऊब देत नाही, असलेली ऊब राखते. जुन्या लुगड्या-धोतरांच्या थरांमध्ये हवा कोंडून राहते आणि ती आपल्या अंगची ऊब बाहेर जाऊ देत नाही. शेगडी म्हणजे आपलं शरीर. यानांनाही अशी गोधडी असते. चित्रांत यानावर तो चमचमणारा सोनेरी कागद दिसतो ना? तो सोन्याचा नसतो. खास प्लॅस्टिकचे पातळ थर, त्यांवर धातूचा मुलामा, असे कितीतरी थर एकावर एक. इंग्रजीतसुद्धा त्याला ब्लँकेटच म्हणतात! पण प्रज्ञानची शेगडी होती सूर्यावर चालणारी. सूर्य मावळला की चौदा दिवस शेगडी बंद. नुसत्या गोधडीनं काय होणार? एका चांद्रदिवसाचं काम मात्र त्यानं चोख केलं. तेवढ्यासाठीच तो तिथे गेला होता.

हे त्याला पटलं. पण तो म्हणाला, "तरी बी, रात काढनारी एक तरी गाडी असंल की!"

दुसरा मुक्काम : झाकणाची गाडी

मग काय, सगळा वर्ग पुस्तकं धुंडाळू लागला, आणि गाडी सापडली! रशिया तेव्हाच्या सोव्हिएत संघात होता. त्या संघाची 'लुनोखोद-१' ही आठ चाकांची गाडी १७ नोव्हेंबर १९७० रोजी चंद्रावर उतरली. दिसायला एखाद्या घंगाळासारखी, वर मोठं झाकण. दिवसा झाकण उघडायचं. त्याच्या आतल्या बाजूला सौरपट्ट्या, त्यांवर वीज तयार व्हायची. रात्र झाली की झाकण बंद! आणि पोटात पोलोनियम नावाचं किरणोत्सारी मूलद्रव्य. ते आपोआप ऊब देत राहतं, राखेखालच्या निखाऱ्यासारखं. गोधडीही झाली आणि शेगडीही. या गाडीनं एक नव्हे, अनेक चांद्ररात्री काढल्या आणि सुमारे दहा महिने काम केलं. त्या दिवशी मागच्या ओळीत सर्वांत मोठ्यानं टाळ्या कुणी वाजवल्या, हे सांगायला नकोच!

तिसरा मुक्काम : अपोलो १३

आता गाडी नव्हे, माणसं. एप्रिल १९७०मध्ये जिम लव्हेल, जॅक स्वायगर्ट आणि फ्रेड हेझ हे तिघे चंद्राकडे निघाले. पृथ्वीपासून तीन लाख किलोमीटरहून दूर असताना यानातली ऑक्सिजनची टाकी फुटली. चंद्र राहिला बाजूला, जिवंत परत येणंच कठीण झालं. वीज वाचवण्यासाठी जवळपास सगळं बंद करावं लागलं, आणि यानातला पारा ३-४ अंशांपर्यंत उतरला. म्हणजे आमच्या निफाडची पहाट! भिंतींवर दव साचलं. लव्हेल आणि हेझ यांनी चंद्रावर चालण्यासाठी आणलेले बूट यानातच पायांत चढवले. स्वायगर्ट चंद्रावर उतरणारच नव्हता, त्यामुळे त्याच्याकडे तसे बूटही नव्हते. १७ एप्रिलला तिघे सुखरूप समुद्रात उतरले.

यावर १९९५ साली 'अपोलो १३' नावाचा इंग्रजी चित्रपट निघाला. आई-बाबांना शेजारी बसवून जरूर पाहा. त्यातले तरंगण्याचे पुष्कळ प्रसंग खऱ्याखुऱ्या वजनरहित अवस्थेत टिपले आहेत. नासाचं एक विमान उंच चढून झेप घ्यायचं, तेव्हा आतली माणसं वीस-पंचवीस सेकंद तरंगायची. तेवढ्यात चित्रण उरकायचं, पुन्हा वर चढायचं! अवकाशाचा कोणताही चित्रपट पाहताना एक खेळ खेळा. खरं काय आणि पदरचं काय, ते ओळखा. अवकाशात हवा नाही, मग पडद्यावरच्या स्फोटाचा 'धडाम्' आवाज कसा हो पोहोचतो?

चौथा मुक्काम : टायटनची संक्रांत

१४ जानेवारी २००५. आपण तिळगूळ वाटत होतो, तेव्हा युरोपचं 'हायगेन्स' यान शनीच्या टायटन या उपग्रहावर पॅराशूटनं उतरत होतं. तिथे तापमान शून्याखाली सुमारे १८० अंश! पाण्याचा बर्फ तिथे दगडासारखा कठीण. आणि नद्या आहेत त्या मिथेनच्या. आपल्याकडे मिथेन म्हणजे गोबरगॅसमधला वायू, तिथे तो द्रवरूपात वाहतो. यानानं पाठवलेल्या चित्रात गोल गोल गोटे दिसतात, आपल्या गोदावरीच्या पात्रात असतात तसे. फक्त ते बर्फाचे.

आता तुमची पाळी

तर मित्रांनो, एक कात्रणवही करा. प्रत्येक बातमीखाली चार ओळी लिहा : कोणतं यान, कुठे गेलं, काय सापडलं, आणि मला पडलेला प्रश्न. चौथी ओळ रिकामी ठेवायची नाही! हिवाळ्यात बातम्यांचा तोटा नसतो. आपलं 'आदित्य-एल१' ठरल्या जागी पोहोचलं ६ जानेवारी २०२४ला, आणि आपली दोन छोटी यानं अवकाशात एकमेकांना जोडली गेली १६ जानेवारी २०२५ला.

वाचनालयात जयंत नारळीकरांचं 'आकाशाशी जडले नाते' मागा. नारळीकर २०२५ साली आपल्यातून गेले, पण त्यांच्या विज्ञानकथा आहेतच. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेल्या ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्याही शोधा. अपोलो १३च्या शंभरेक वर्षं आधी व्हर्ननं तीन प्रवासी चंद्राकडे धाडले होते. तेही चंद्राच्या सावलीत कुडकुडतात बरं का!

आई-बाबांनो, रात्रीच्या जेवणानंतर दहा मिनिटं एखादी बातमी मुलांकडून मोठ्यानं वाचून घ्या. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल, तर तीन पेले घेऊन बसा.

मार्च सरता सरता गावातल्या कोप्या उठल्या आणि आमचा पाचटवाला शास्त्रज्ञ आई-वडिलांबरोबर पुढे गेला. वर्गाच्या कात्रणवहीत त्याच्या अक्षरातली चौथी ओळ आहे, 'चंद्रावर राहायला गेल्यावर माणसं कोपी कशाची बांधतील?' शास्त्रज्ञही यावर विचार करताहेत. चंद्राच्या मातीचाच जाड थर घरावर घालता येईल, असं त्यांच्यातल्या अनेकांना वाटतं.

तुम्हांला काय वाटतं? आज रात्री गोधडी डोक्यावरून ओढून घ्या आणि विचार करा. सकाळी मात्र वेळेवर उठा. शाळा आहे!