थांबण्याचे बळ

धावणे माणसाला शिकवावे लागत नाही. नुकते चालू लागलेले मूल काही महिन्यांतच धावू लागते, पडते, उठते आणि पुन्हा धावते. शिकवावे लागते ते थांबणे. नोकरीसाठी, पदकासाठी किंवा केवळ आनंदासाठी धावणाऱ्याच्या कानांवर ‘पळत राहा, हार मानू नको’ हेच शब्द सतत पडत असतात. हिवाळ्यातल्या पहाटे हे शब्द बळ देतात; वैशाखाच्या उन्हात मात्र तेच जिवावर बेतू शकतात.

1912 सालच्या जुलै महिन्यात स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे ऑलिंपिक स्पर्धा भरल्या होत्या. 14 जुलै हा मॅरेथॉनचा दिवस. एरवी थंड असणाऱ्या त्या देशात त्या दिवशी पारा 30 अंशांच्या वर गेला होता आणि शर्यत सुरू झाली ती भर दुपारी, पावणेदोनच्या सुमारास. अंतर होते 40 किलोमीटरांहून किंचित अधिक. जगभरातून आलेल्या धावपटूंपैकी जवळजवळ निम्मे शेवटच्या रेषेपर्यंत पोहोचूच शकले नाहीत.

त्यांतला एक होता पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो. पेशाने तो सुतार. उद्घाटनाच्या संचलनात आपल्या देशाचा ध्वज त्याच्याच हाती होता. उन्हाने कातडी भाजू नये म्हणून त्याने अंगाला मेणासारख्या पदार्थाचा थर लावला होता, असे सांगतात. सुमारे 30 किलोमीटर धावल्यावर तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. आधुनिक ऑलिंपिकच्या शर्यतीत प्राण गमावणारा तो पहिला धावपटू ठरला.

दुसरा होता जपानचा विशीतला विद्यार्थी शिझो कानाकुरी. आगगाडी आणि बोटीचा कित्येक दिवसांचा प्रवास करून तो तेथे पोहोचला होता. अर्ध्याहून अधिक अंतर कापल्यावर त्याच्या अंगातले त्राण गेले. रस्त्यालगतच्या एका घराच्या बागेत काही मंडळी जमली होती. तो तेथे वळला. त्या लोकांनी त्याला पेय दिले, विसावा दिला. तो पुन्हा शर्यतीत उतरला नाही. अपयशाची लाज मनात घेऊन, आयोजकांना काही न कळवताच तो मायदेशी परतला.

एकच रस्ता, एकच ऊन, आणि दोघेही जिद्दीचे. एकाचे शरीर थांबण्याआधीच हरले. दुसरा हरला, पण थांबला.

लाझारोला नेमके काय झाले, हे समजून घ्यायचे तर उन्हाकडे पाहण्याआधी शरीराकडे पाहावे लागते. धावताना स्नायू जी ऊर्जा वापरतात, तिचा सुमारे चौथा हिस्साच हालचालीच्या कामी येतो; उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. म्हणजे धावणारा माणूस स्वतःच एक पेटलेली भट्टी असतो. ही उष्णता बाहेर टाकण्यासाठी शरीर त्वचेकडे अधिक रक्त पाठवते आणि घाम सोडते. घाम नुसता गळून गारवा येत नाही. तो वाळला तरच येतो. म्हणून नागपूरच्या कोरड्या उन्हाची जशी भीती, तशीच मुंबई, चेन्नई किंवा कोलकात्याच्या दमट हवेचीही. तेथे पारा खाली असला तरी घाम वाळत नाही आणि आतली उष्णता आतच साचते. मेणाच्या थराने लाझारोच्या अंगावर हेच केले असावे. वजन उतरावे म्हणून प्लास्टिकचा किंवा जाड कपडा अंगावर चढवून धावणारे तरुण नकळत तीच चूक करतात. अशा धावण्याने घटते ते अंगातले पाणी, चरबी नव्हे.

भारतात हा प्रश्न केवळ खेळाडूंचा नाही. सैन्यात, पोलिसांत भरती होऊ पाहणारे हजारो मुलगे आणि मुली गावोगावच्या मैदानांवर धावत असतात. काही मिनिटांच्या धावेवर घराची चूल अवलंबून असते. 2024 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झारखंडात उत्पादन शुल्क विभागाच्या शिपाईपदासाठी शारीरिक चाचणी झाली. पुरुष उमेदवारांना एका तासात 10 किलोमीटर धावायचे होते. त्या काळात दहाहून अधिक उमेदवार दगावले. प्रत्येक मृत्यूचे कारण एकच होते असे म्हणता येत नाही; पण चाचणी काही दिवस थांबवावी लागली आणि उन्हे चढल्यावर ती घेऊ नये, असे सरकारला ठरवावे लागले. जी गोष्ट शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जाणतो, ती ही! वैशाखात तो तांबडे फुटताच औत धरतो आणि ऊन डोक्यावर येण्याआधी सोडतो. त्याला कोणी आळशी म्हणत नाही.

उन्हाशी जुळवून घेण्याची शक्ती शरीरात असते. मात्र तिला सवड द्यावी लागते. रोज थोडे थोडे, वेग कमी ठेवून धावल्यास साधारण एक ते दोन आठवड्यांत शरीर बदलते. घाम लवकर सुटू लागतो, त्यातून जाणारे मीठ कमी होते, हृदयावरचा ताण हलका होतो. थंड प्रदेशातून आलेल्याने किंवा बऱ्याच दिवसांच्या खंडानंतर मैदानावर उतरणाऱ्याने पहिल्याच दिवशी पूर्वीचा वेग गाठू पाहणे म्हणूनच धोक्याचे. ताप, जुलाब किंवा जागरण झालेल्या दिवशी न धावणे हाही सरावाचाच भाग होय. कपडे सैल व फिकट रंगाचे असावेत. तहानेकडे दुर्लक्ष करू नये. धाव लांबली तर लिंबाचे सरबत, ताक, पन्हे किंवा जलसंजीवनी यांतून पाण्याबरोबर मीठही पोटात जावे. पण अति तेथे माती हा नियम पाण्यालाही लागू आहे. तहान नसताना तांब्यामागून तांब्या साधे पाणी रिचवल्यास रक्तातील मिठाचे प्रमाण घटते आणि तेही प्राणघातक ठरू शकते.

संकट येण्याआधी शरीर खुणा करते. डोके दुखते, मळमळते, पाय लटपटतात, उन्हातही अंगावर काटा येतो. या खुणा ओळखून सावलीत बसणाऱ्याचे एका दिवसाचे धावणे बुडते, इतकेच. त्या डावलणारा पुढे बरळू लागतो, दिशा विसरतो, कोसळतो. हा उष्माघात होय. धावणाऱ्याला उष्माघात होतो तेव्हा त्याच्या अंगाला घाम असू शकतो. म्हणून घाम पाहून निर्धास्त होऊ नये.

अशा वेळी त्याचे प्राण सोबत्यांच्या हाती असतात. अमेरिकेतील फालमथ या गावी दर वर्षी ऑगस्टच्या उकाड्यात सुमारे 11 किलोमीटरांची शर्यत होते. तेथील वैद्यकीय तंबूत 18 वर्षांच्या काळात उष्माघाताच्या 274 रुग्णांवर उपचार झाले आणि त्यांतला एकही दगावला नाही. त्यामागे कोणतेही दुर्मीळ औषध नव्हते. होते ते बर्फाच्या पाण्याने भरलेले टब. आधी थंड करा, मग रुग्णालयात न्या, हा तेथील धडा. गावच्या मैदानावर टब नसला तरी विहीर, नळ किंवा पाण्याची टाकी असतेच. कोसळलेल्याला सावलीत आणावे, कपडे सैल करावेत, अंगभर पाणी ओतत राहावे, वारा घालावा. बर्फ मिळाल्यास तो मानेवर, काखेत, जांघेत ठेवावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये. दरम्यान दुसऱ्याने 108 क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी. एकट्याने न धावण्याचे महत्त्व अशाच वेळी कळते.

कानाकुरीचे पुढे काय झाले? ज्या थांबण्याची त्याला लाज वाटली होती, त्याच थांबण्याने त्याला पुढचे आयुष्य दिले. 1920 आणि 1924 च्या ऑलिंपिकमध्ये तो पुन्हा धावला. जपानमधील लांब पल्ल्याच्या धावण्याला त्याने नवी दिशा दिली. 1967 साली स्वीडनने त्याला अगत्याने बोलावले आणि पंचाहत्तरीतल्या त्या वृद्धाने आपली अपुरी शर्यत पूर्ण केली. वेळ नोंदवली गेली ती 54 वर्षे, 8 महिने, 6 दिवस आणि काही तास. मॅरेथॉनच्या इतिहासातील ही सर्वांत संथ धाव. पण तिच्याकडे पाहून कोणी त्याला हरलेला म्हटले नाही.

मैदान उद्याही तेथेच असते. भरती पुन्हा निघते, शर्यत पुन्हा भरते. शीर सलामत तर पगड्या पचास, असे वडीलधारी माणसे म्हणत आली, ते उगाच नव्हे. पाय कसे उचलावेत हे वेगवान धावपटू जाणतो. ते केव्हा टेकवावेत, हे जाणतो तो शहाणा धावपटू.