समुद्रापलीकडची जवानांची वसाहत

कन्याकुमारी हेच भारताचे शेवटचे टोक, असे पुष्कळांस वाटते. परंतु ते टोक ग्रेट निकोबार बेटावरील इंदिरा पॉइंट होय. तेथून सुमात्रा सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. अशा मोक्याच्या जागी वस्ती असावी म्हणून सरकारने १९६९ पासून निवृत्त जवानांची तीनशेहून अधिक कुटुंबे तेथे वसविली. त्यांत पंजाबी पुष्कळ, पण मराठीही होती. (बेट निर्जन मुळीच नव्हते, शोंपेन व निकोबारी लोक तेथे पूर्वापार राहतात.)

प्रत्येक कुटुंबास सुमारे अकरा एकर जमीन मिळाली. जमीन कसली, निबिड अरण्यच! आदिलाबादच्या काळ्या रानात कापूस पिकविणाऱ्यास त्याची कल्पना यावयाची नाही. पाऊस वर्षातील बहुतेक महिने. ज्वारी विसरावी, नारळ-सुपारी लावावी. गृहिणींची कसोटी पुरुषांहून कठीण असावी, असे मला वाटते. माहेर समुद्रापार आणि शेजारणीची भाषा निराळी. हिंदीवाचून शेजारधर्म चालावयाचा नाही.

२६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीने किनाऱ्यावरील या वसाहती उद्ध्वस्त केल्या. इंदिरा पॉइंटची भूमी चार मीटरहून अधिक खचली. वाचलेली कुटुंबे कॅम्पबेल बे येथे आश्रयास आली. तेथेच २०१२ साली नौदलाचा ‘बाज’ हा तळ सुरू झाला. पुढे २०२२ साली बेटावरील प्रचंड बंदर-प्रकल्पास पर्यावरणीय मंजुरी मिळाली, आणि सरकारनेच बोलावून नेलेल्या या कुटुंबांना आपल्या जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी अर्ज करीत बसावे लागले.